सांबरखिंडीतली तिसरी हाक

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं. माझं काही जात नाही.

मला ती माझ्या आईनं सांगितली. आणि आमची आई, कुसुमताई, गोष्टी रचणाऱ्यांतली नाही. डोकं दुखत असताना 'बरं आहे' एवढंसुद्धा तिला खोटं बोलता येत नाही.

साल एकोणीसशे छप्पन. रंगपंचमी होऊन पाच-सहा दिवस झाले होते. वार शुक्रवार. वेळ... भर दुपारी बाराची.

हो, दुपारचीच. भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?

जागा म्हणजे चाकणच्या पश्चिमेला, भामचंद्राच्या डोंगरामागचं सरकारी राखीव रान. आता त्या बाजूला दिवसरात्र कंपन्यांचे ट्रक पळतात. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि पडका किल्ला. पुढे सगळं रान.

आईचे मामा, भिमाजी, तिथं फॉरेस्ट गार्ड होते. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. आई पोरकी, म्हणून त्यांच्याकडेच वाढली. सांबरखिंडीत सरकारी चौकी होती, तिच्या मागच्या दोन खोल्यांत.

तात्यांचं काम सांगतो. पहाटे उठून आठ मैलांची फेरी. कुठं ऐनाचं झाड तोडलं, कुठं सशाला फासकी लावली, ते बघायचं. चुकार गुरं कोंडवाड्यात घालायची. बिबट्यानं वाडीतली शेळी नेली तर पंचनामा करायचा. आणि संध्याकाळी हे सगळं डायरीत लिहायचं. तात्यांचं अक्षर मोत्यासारखं. साहेबलोक ती डायरी इतर गार्डांना दाखवायचे.

त्याच अक्षरात तात्यांनी एक खोटं लिहिलं. तिथून सगळं सुरू झालं.

शिमगा झाला की रानात वणवे लागायचे. आग विझवायला सहा माणसं नेमलेली असत. हिरव्या डहाळ्या घेऊन ती ओळीनं उभी राहत आणि गवतातली आग झोडपून मारत. सप... सप... सप...

आणि आग ऐकेनाच, तर शेवटचा उपाय म्हणजे उलटा जाळ. आगीच्या वाटेवरचं गवत गार्डानं आपणच आधी पेटवून द्यायचं. खायला काही उरलं नाही की आग उपाशी मरते. पण मधे अडकलेला माणूस... तो दोन्हीकडून भाजतो.

म्हणून नियम होता. जाळ लावण्याआधी गार्डानं तीन हाका द्यायच्या. पहिलीला सावध व्हायचं. दुसरीला प्रत्येकानं आपल्या जागेवरून 'हाय' म्हणायचं. आणि तिसरी ऐकली की जागा सोडून पळायचं. तिसरीच्या आधी कुणी हलायचं नाही. एकानं जागा सोडली की ओळीत भगदाड पडतं, आणि शेजारचा मरतो.

त्या सहांत एक करीम होता. चाकणचा. त्याचा मेव्हणा त्याला पिंपरीच्या नव्या कारखान्यात चिकटवून देणार होता. करीम म्हणाला, "मला भोंग्यावर उठायला जमायचं न्हाई. आमचं रान बरं." हसरा गडी. तात्यांचा फार लाडका. आणि नियमाला असा पक्का, की बाकीचे त्याला 'सरकार' म्हणून चिडवायचे.

पंचावन्न सालच्या चैत्रात खिंडीखालच्या घळीत वणवा पेटला. पाच जण वरच्या अंगाची आग मारून पलीकडे पाण्याला उतरले होते. घळीत एकटा करीम होता. वर एकटे तात्या.

आणि वारं फिरलं.

चौकीच्या मागे पिंपळदऱ्याची वाडी. चाळीस घरं, सगळी गवतानं शाकारलेली. ज्वाळा घळीतून वर चढायला लागल्या. तात्यांनी पहिली हाक दिली. दुसरी दिली.

खालून आवाज आला, "हाय!"

तिसरी हाक तात्यांनी दिली नाही.

का दिली नाही? ते स्वतः म्हणायचे, "धीर सुटला. वाडी दिसत व्हती. वाटलं, त्याला समजलं आसंल, निघाला आसंल." आणि त्यांनी पेटती चूड गवताला लावली.

वाडी वाचली.

करीम दुसऱ्या दिवशी सापडला. जिथं उभा राहायचा, तिथंच. एक पाऊलसुद्धा हलला नव्हता.

तात्यांनी डायरीत लिहिलं, 'तीन हाका दिल्या. सदर इसम बाहेर आला नाही.' वरच्या साहेबांनी त्याखाली शेरा मारला, 'चोरटी लाकडं लपवण्यासाठी आत थांबला असावा.'

झालं! लोकांच्या जिभेला काय हाड असतं? चाकणच्या बाजारात करीम चोर ठरला. त्याची बायको रोशनबी पाण्याला गेली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या.

रोशनबी भांडली नाही. दर शुक्रवारी ती चाकणहून चालत यायची आणि चौकीसमोरच्या पळसाखाली बसायची. एकच प्रश्न विचारायची.

"भिमाजीभाऊ, खरं सांगा. तीन हाका दिल्या व्हत्या?"

"व्हय भाभी. तीन दिल्या."

ती उठून परत जायची.

एक वर्ष. दर शुक्रवारी. तात्यांना जेवण जाईना. नोकरी जाईल, लोक थुंकतील, या भीतीनं तोंडातून खरं निघेना. आई सांगते, मामा रोज डायरी उघडून तेच पान बघत बसायचे.

मग शिमगा आला... आणि आवाज यायला लागला.

सप... सप... सप...

घळीतून. आग नाही, धूर नाही, माणूस नाही. ऐन दुपारी कुणीतरी डहाळीनं गवत झोडपत होतं. आईनंही ऐकलं. ती म्हणाली, "मामा, खाली कोण हाय?" तात्यांनी तिला घरात ढकलून दार लावून घेतलं.

मग पाखरं गेली. घळीत होले घुमायचे, तित्तिर ओरडायचे. एका सकाळी सगळं गप्प झालं.

आणि मग तो शुक्रवार.

बाराच्या सुमारास घळीतून धूर निघाला. करीमच्या जागी नवा गडी घेतलेला होता; सहा माणसं खाली उतरली. जोडीला ज्योतीराम नावाचा नवा गार्ड आला होता. हाका द्यायचं काम त्याच्याकडे आणि चूड तात्यांच्या हातात. रोशनबी पळसाखाली बसलेली. आई चौकीच्या दारात.

परत वारं फिरलं. परत ज्वाळा वाडीकडे.

ज्योतीरामनं पहिली हाक दिली.

दुसरी दिली. खालून एकेक उत्तर येऊ लागलं.

"हाय!"

"हाय!"

ज्योतीराम बोटांवर मोजत होता. सहा झाले. त्यानं तिसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं...

...आणि घळीच्या अगदी तळातून, सावकाश, सातवा आवाज आला.

"हाय."

ज्योतीरामनं घाईघाईनं तिसरी हाक मारली. सहा जण खोकत, ठेचकाळत वर आले. त्यानं तोंडं मोजली. सहाच.

"तात्या, जाळ लावू नका! आत अजून एक हाय!"

"न्हाई रे, कुनी न्हाई," तात्या कसेबसे म्हणाले.

"सात आवाज आले! म्या मोजले की!"

तेवढ्यात रोशनबी उठून उभी राहिली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता, तिला भान नव्हतं.

"ह्यो माझ्या घरधन्याचा आवाज हाय," ती म्हणाली.

नुसती आग तडतडत होती.

ती तात्यांच्या समोर आली. आज तिनं प्रश्न बदलला.

"भिमाजीभाऊ... किती हाका दिल्या व्हत्या?"

सहा माणसं बघत होती. ज्योतीराम बघत होता. मागे वाडीत बायका पोरं काखेला मारून पळत होत्या. तात्यांना 'तीन' म्हणता येईना आणि 'दोन' म्हणायचं धाडस होईना. त्यांनी चूड न पेटवताच फेकली आणि ते सरळ घळीत घुसले. आगीपेक्षा त्यांना रोशनबीच्या डोळ्यांची भीती वाटली, असं ते नंतर म्हणाले.

खाली धुरानं डोळे उघडेनात. पाय भाजत होते. आणि अगदी जवळ...

सप... सप...

पहिला फटका पोटरीवर बसला. तात्या गुडघ्यावर आले. दुसरा पाठीवर. सदरा उभा फाटला. धुरात त्यांना डहाळी वर जाताना दिसत होती. हिरवीगार, ओली. धरणारा हात मात्र दिसत नव्हता.

फटक्यांवर फटके. पाठीवर, मांड्यांवर, डोक्यावर. एका फटक्यात डावा हात कोपरातून मोडला. तात्यांनी तो हाडाचा आवाज ऐकला. रक्त डोळ्यांत उतरलं. ते लोळत होते, आणि जिथं लोळतील तिथं फटका आधीच हजर.

ते ओरडले. वर सगळ्यांना ऐकू गेलं.

"दोनच! दोनच दिल्या रे करीम! तिसरी दिली न्हाई! म्या खोटं लिवलं!"

मार थांबला नाही.

मग तात्यांना वाटलं, तिसरी हाक द्यावी. वर्षभर अडकलाय बिचारा, सुटेल तरी. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"करी..."

फटका तोंडावर बसला. जबडा कट्कन तुटला. दात घशात गेले. पुढचं त्यांना आठवत नाही.

माणसं खाली उतरली तेव्हा आग विझलेली होती. कुणी विझवली? उलटा जाळ तर लावलाच नव्हता! वाडीच्या अलीकडे पन्नास पावलांवर गवत एका रेघेत झोडपून पाडलेलं होतं, आणि आग त्या रेघेला येऊन मेली होती.

तात्या राखेच्या मधोमध पडले होते. अंगभर रक्त. पाठीची सालटी निघालेली. पण खाकी चड्डीला, सदऱ्याच्या चिंध्यांना... कुठंही जळाल्याची खूण नाही. केससुद्धा करपला नव्हता.

त्यांना बैलगाडीतून चाकणला आणि तिथून पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तोंड बांधलेलं होतं, पण उजवा हात शाबूत होता. त्याच हातानं त्यांनी खरा रिपोर्ट लिहिला. नोकरी गेली. करीमच्या नावापुढचा शेरा खोडला गेला. रोशनबीला पाणवठ्यावर जागा मिळाली. वाडीनं मात्र तात्यांना टाकलं नाही, एक झोपडं बांधून दिलं. आपली घरं कशापायी वाचली हे वाडीला ठाऊक होतं.

तीन महिन्यांनी रोशनबी त्यांना भेटायला आली. आई तिथंच होती. तात्यांना आता थोडं बोलता येत होतं. त्यांनी तिचे पाय धरले. ती मागे सरकली नाही, पण वाकून त्यांना उठवलंही नाही.

"भाभी," तात्या म्हणाले, "मला मारलं त्यानं, का आगीतनं वाचवलं?"

"मला काय ठावं?"

"म्या खिंडीत जातो. तिसरी हाक देतो. सुटंल तो. त्यो माझ्या हाकंची वाट बघतोय."

रोशनबीचा चेहरा पांढराफटक पडला.

"न्हाई! हाक देऊ नका!"

"आवं, पण..."

"तुमचं तोंड त्यानंच फोडलं न्हवं? हाक देताना? त्याला भाईर यायचं न्हाई. म्या त्याला धुतलंय, भाऊ. पुरायच्या आदी शेवटचं म्याच धुतलं. काय उरलं व्हतं ते माझ्या हातांना ठावं हाय." तिनं दोन्ही हात पदरात लपवले. "तुमी हाक दिली आन त्यो आला, तर कुठं येनार? माझ्याच दारात येनार ना? मला भ्या वाटतं हो... माझ्याच मानसाचं भ्या वाटतं."

मग ती आईकडे वळली आणि तिचं मनगट घट्ट धरलं. "पोरी, मामाला त्याचं नाव घेऊ देऊ नको. कधीच. शब्द दे."

आईनं शब्द दिला. एकोणीस वर्षांची होती ती.

तात्या पुढे तीन वर्षं जगले. एकोणसाठच्या उन्हाळ्यात तापानं अंथरुणाला खिळले. शेवटचे चार दिवस शुद्ध नव्हती. पाचव्या दिवशी, दुपारी, ते एकाएकी उठून बसले. डोळे टक्क उघडे. खिंडीच्या दिशेला तोंड. छाती भरून श्वास घेतला.

"करी..."

आईनं झडप घालून त्यांच्या तोंडावर हात दाबला. दोन्ही हात. तात्या धडपडले, पाय झाडले, आणि मग गप्प झाले.

तिनं हात काढला तेव्हा ते गेलेले होते.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. आकुर्डीला माझ्याकडेच असते. दुपारी झोपेतून दचकून उठते आणि मला विचारते, "म्या हात ठेवला तवा मामा गेलेच व्हते ना रे?"

मी म्हणतो, "हो आई. आधीच गेले होते."

पण तिनंच मला एकदा सांगितलंय... त्यांचा श्वास तिच्या तळहाताला लागत होता. गरम. बराच वेळ.