रिकामी गाडी उलाळ झाली

बाळांनो, एक चित्र डोळ्यांसमोर आणा.

एक छोटी पिकअप आहे. पुढे तीन माणसांची सलग सीट, मागे मालाचा हौदा. आणि मागच्या हुकाला अडकवलेलं, दोन चाकांवरचं एक पांढरं घर. त्याला दार आहे, खिडक्या आहेत. आत ओटा आहे, निजायला बाक आहे. लोक त्याला कॅरव्हॅन म्हणतात.

तुम्ही पिकअपमध्ये खिडकीशी बसला आहात. ड्रायव्हर पलीकडे. मधली जागा रिकामी.

रिकामी आहे ना? नीट बघून ठेवा.

मी सांगतोय ते घडलेलं आहे. एकही वाक्य पदरचं घातलेलं नाही. गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. जागा चाकणच्या अलीकडे, निघोजे. वेळ दुपारी तीनची, भर उन्हाची. माझा भाचा समाधान अजून म्हणतो, "मामा, रात्र असती तर मनाची समजूत घातली असती."

आणि ती गाडी आणायला त्याला मीच सांगितलं होतं.

ताथवड्यात इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या मुलांना मी शिकवतो. एक काम संपलं की मुलं दुसरीकडे जातात, पाढे अर्धेच राहतात. तेव्हा शाळेलाच चाकं लावावीत, असं मनात होतं. निघोज्याच्या एका कंपनीच्या मागच्या आवारात चार वर्षं एक कॅरव्हॅन नुसती उभी होती. त्यांनी ती देऊन टाकली.

समाधानची पिकअप साधी, इंजिन जेमतेम सत्तर घोड्यांचं. काळेवाडीच्या नूरमोहम्मद मिस्त्रींनी तिला मागे हूक बसवून दिला. निघताना त्यांनी बजावलं, "ओढेल. पण आपलं घोडं लहान आहे, भाऊ. रिकामीच आण. मागच्या टोकाला वजन गेलं ना, तर ती शेपूट हलवते. आणि एकदा शेपूट कुत्र्याला हलवायला लागली की संपलं."

समाधानला हसू आलं. तो मूळचा बीडकडचा. आजोबांच्या बैलगाडीचंही असंच होतं. मागे भार जास्त झाला की जू वर उचलायचं आणि बैलांच्या गळ्याला फास लागायचा. आजोबा म्हणायचे, गाडी उलाळ झाली.

बरोबर त्याची नऊ वर्षांची मुलगी होती, स्वरूपा. तिची आई, विजयश्री, तिच्या कंपनीत दिवसाच्या शिफ्टला जाणार होती. ती एवढंच म्हणाली, "दिवे लागायच्या आत आणा. आणि जशी नेताय तशी आणा."

मिस्त्रींनी स्वरूपाच्या हातात गवंड्याची छोटी पाणसळ दिली. पट्टीच्या मधोमध काचेची नळी, नळीत एक बुडबुडा. "बेटा, बुडबुडा नेहमी उंच बाजूला पळतो. ही समोर, एक टोक पुढच्या काचेकडे करून ठेव आणि गाडी सपाटीला उभी असली की बघ. बुडबुडा तुझ्याकडे आला तर गाडीचं मागचं उचललंय. काचेकडे गेला तर मागचं दबलंय."

"आणि मधे असला तर?"

"तर वडलांचं डोकं खाऊ नकोस."

कंपनीच्या फाटकातून लहान मुलांना आत सोडत नाहीत. म्हणून समाधाननं स्वरूपाला बाहेर चहाच्या टपरीवरच्या मावशींजवळ बसवलं आणि एकटा आत गेला.

ज्योतीराम नावाचा म्हातारा पहारेकरी तिथे होता. त्यानं कॅरव्हॅन हुकाला लावायला हात दिला.

"रिकामी आहे ना, काका?"

"आता काय सांगू," ज्योतीराम म्हणाला. "सामान काय न्हाई. मी डबा खायला आतच बसायचो. एकटं वाटत न्हाई आत."

समाधानला वाटलं, गाडीचं कौतुक करतोय.

आवारातून काही बाहेर न्यायचं तर वजनाची पावती लागते. काट्यावर आकडा आला, ड्रायव्हर धरून दोन हजार चारशे साठ किलो. हा आकडा लक्षात ठेवा. तेव्हा कॅरव्हॅनचं दार उघडंच होतं; ते वजन झाल्यावर ज्योतीरामनं लावलं.

फाटकातून निघताना समाधाननं आरशात पाहिलं. ज्योतीराम निरोपाचा हात हलवत होता. समाधाननंही हात बाहेर काढला.

पण ज्योतीराम त्याच्याकडे बघत नव्हता...

तो कॅरव्हॅनच्या मागच्या खिडकीकडे बघत होता.

टपरीवरून स्वरूपाला घेतलं. ती खिडकीशी बसली. महाळुंग्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं.

मग पिकअप दमायला लागली.

सपाट रस्ता. तिसरा गिअर ओढेना, दुसरा टाकावा लागला. आणि आरशात ते पांढरं घर... डावीकडे... उजवीकडे... डावीकडे.

शेपूट हलत होती.

समाधाननं गाडी कडेला घेतली.

"बाबा, बुडबुडा माझ्याकडे आलाय," स्वरूपा म्हणाली. "म्हणजे मागचं उचललंय ना?"

म्हणजे गाडी उलाळ झाली होती. पण रिकामी गाडी उलाळ कशी होईल?

तो उतरला. कॅरव्हॅनचं दार उघडलं. ओट्याखाली पाहिलं, कपाट उघडलं, पाण्याची टाकी वाजवून पाहिली. कोरडी. आत कोणी नव्हतं. माशीसुद्धा नव्हती.

फक्त अगदी मागे, खिडकीखालच्या बाकावर, रेक्झिनची गादी मधोमध दबलेली होती.

तो बघत असतानाच ती गादी... हळूहळू... फुगून वर आली.

कोणी उठल्यावर येते तशी.

त्यानं दार लावलं. स्वरूपाला काही सांगितलं नाही. "हवा कमी आहे चाकात," एवढंच म्हणाला.

इंद्रायणीवरचा पूल ओलांडला. शेपूट हलायची थांबली होती. समाधानला बरं वाटलं. तळवड्याच्या चौकात नेहमीसारखी गर्दी तुंबली होती. कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, सगळं जागच्या जागी उभं. त्यानं इंजिन बंद केलं.

एकही गाडी हलत नव्हती.

मागे हूक कुरकुरला...

पुन्हा कुरकुरला, भार जवळ आल्यासारखा.

"बाबा," स्वरूपा हळूच म्हणाली, "बुडबुडा आता काचेकडे चाललाय."

बाळांनो, तुम्ही बागेत सी-सॉवर बसता ना? फळीच्या एका टोकाचा मुलगा उठून दुसऱ्या टोकाकडे चालत गेला तर काय होतं? वर असलेलं टोक खाली येतं. कॅरव्हॅनचंही तसंच. तिची चाकं मधे, आणि फळीसारखी ती दोन्हीकडे. वजन मागे असेल तर पिकअपचं ढुंगण वर उचलतं. वजन पुढे आलं तर ते दबतं.

म्हणजे जे मागे बसलं होतं, ते चालत पुढे आलं होतं.

पिकअपच्या बाजूला.

चौक सुटल्यावर बबनरावांचा वजनकाटा होता. बबनराव तिथल्या जुन्या गावकऱ्यांपैकी, समाधानच्या ओळखीचे. त्यानं सरळ गाडी काट्यावर चढवली.

बबनराव खिडकीतून ओरडले, "दोन हजार पाचशे तीस. किती पाहिजे व्हतं?"

"चारशे साठ."

"सत्तर जास्त. पोरगी किती?"

"चोवीस. शाळेत वजन केलंय."

"मंग वरचं शेचाळीस कुणाचं? वहिनीला मागं कोंडली का काय, राव? ट्रेलरमधी माणूस बसवत नसत्यात, दंड हुईल."

"कोणी नाही हो आत."

"काटा खोटं बोलत न्हाई, भावा. माणसं बोलत्यात. उतरा दोघं बी, आन् दाखव दार उघडून."

स्वरूपा उतरून बबनरावांच्या केबिनपाशी जाऊन उभी राहिली. उतरताना तिनं पिकअपचं दार उघडंच ठेवलं. दोघं उतरल्यावर काट्यावर दोन हजार चारशे चाळीस राहिले. समाधाननं कॅरव्हॅनचं दार सताड उघडलं.

"बघा. रिकामी."

बबनराव कॅरव्हॅनकडे बघत नव्हते. त्यांची नजर लाल आकड्यांवर होती.

चाळीस... दहा... नव्वद.

दोन हजार तीनशे नव्वद.

"उतरलं," बबनराव म्हणाले.

"काय उतरलं?"

बबनरावांनी आकड्यांकडे बोट केलं. समाधाननं दार लावून कडी घातली. काट्यावर आता फक्त गाड्या होत्या. माणूस एकही नव्हता.

मग पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे करकरले...

केबिन डावीकडे किंचित दबली. उघड्या दाराच्या बाजूला.

आकडे पुन्हा वर गेले. दोन हजार चारशे चाळीस.

"काटा बिघडलाय तुमचा," समाधान म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"सकाळीच तपासून गेल्यात." बबनरावांची थट्टा पार उतरली होती. "पोरीला हितंच ठेव. माझी सून हाय घरात. मागनं येऊन ने."

समाधान क्षणभर थांबला. मागे चार ट्रक हॉर्न वाजवत होते. आणि विजयश्रीचं वाक्य कानात होतं, जशी नेताय तशी आणा. परक्या घरी पोरीला सोडून गेलो तर तिला काय सांगणार? काट्यानं चूक केली म्हणून?

त्यानं सीटवर हात फिरवून पाहिला. दीड तास उन्हात तापलेली गाडी. सगळं रेक्झिन चटके देत होतं.

मधली जागा तेवढी गार होती.

त्यानं स्वरूपाला खिडकीशी बसवलं आणि गाडी काढली. बबनरावांनी पावती दिली नाही.

आता पिकअप छान ओढत होती. तिसरा, चौथा, सगळे गिअर सुरळीत. मागची कॅरव्हॅन पाळण्यासारखी येत होती. चिखली गेली, चिंचवड आलं. समाधाननं ना रेडिओ लावला, ना मधल्या जागेकडे पाहिलं.

स्वरूपानं पाणसळ उचलली. आडवी करून सीटवर ठेवली, आपल्या मांडीला लागून. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा वाकून पाहिलं.

"बाबा, बुडबुडा माझ्याकडे आला. म्हणजे मधे खड्डा आहे."

"जुनी सीट आहे, बाळा."

ती दाराकडे सरकली. अजून सरकली.

"अशी का दाराला चिकटतेस? नीट बस."

"जागा पुरत नाही ना, बाबा," ती म्हणाली.

काळेवाडीत मिस्त्रींनी कॅरव्हॅन सोडवली. दांडी एका हातानं उचलून बघितली आणि खूश झाले. "एकदम हलकी. फुलासारखी आणलीस. काही त्रास?"

"नाही," समाधान म्हणाला.

ताथवड्याला घरी पोहोचले तेव्हा दिवे लागले नव्हते. वचन पाळलं गेलं होतं. विजयश्रीनं पोरीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "अगं, तुझा एक हात एवढा गार कसा?"

उजवा हात. मधल्या जागेकडचा.

ती कॅरव्हॅन आता माझ्या गल्लीत उभी आहे. फळा बसवला, चटया आणल्या. मुलं रोज विचारतात, "आजोबा, शाळा कधी?" मी स्वतः तिच्यात तीन दुपारी बसून काढल्या. काहीही नाही. अगदी एकटं वाटतं आत. आणि मला भीती वाटते ती त्याचीच. निघोज्याला जाऊन आलो, तर ज्योतीराम त्याच शनिवारी काम सोडून गावाला गेलेला. कुठल्या गावाला, कोणाला माहीत नाही.

त्या संध्याकाळचं शेवटचं तेवढं सांगतो. त्याचा अर्थ मला विचारू नका. मला कळलेला नाही.

विजयश्री पोळ्या लाटत होती. स्वरूपा दिवाणावर मांडी घालून वरणभात खात होती. पाणसळ तिनं घरी आणली होती, ती शेजारी गादीवर ठेवलेली. समाधानचा फोन वाजला. तो ओट्यावर होता आणि विजयश्रीचे हात पिठात, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावून दिला.

ज्योतीराम होता. गेटपासवर नंबर होता समाधानचा.

"पोहोचली का?"

"पोहोचली, काका. व्यवस्थित." गाडीबद्दल विचारतोय, असं समाधानला वाटलं.

"जेवली का?"

"जेवतेय की. वरणभात."



"कोण जेवतीया?"

"पोरगी माझी. स्वरूपा."

"पोरगी व्हती व्हय तुमच्या संगं?" ज्योतीराम म्हणाला. "मला ठावंच न्हाई. मी तिचं न्हाई इचारलं."

फोन बंद झाला. पोळपाटावरचं लाटणं थांबलं. समाधाननं दिवाणाकडे पाहिलं.

पाणसळीतला बुडबुडा स्वरूपाच्या बाजूला चिकटून होता. आणि तिच्या उजवीकडची गादी मधोमध दबलेली होती.

स्वरूपानं सगळं ऐकलं होतं. तिनं आईकडे पाहिलं नाही, बाबांकडेही नाही. भाताचा एक मऊ घास कालवला, ताटाच्या पलीकडच्या कडेला ठेवला...

आणि ताट त्या खोलगट जागेसमोर हळूच सरकवलं.