अडसर नसलेलं दार

प्रांतसाहेबांच्या मोटारीत पुढं, ड्रायव्हरशेजारी बसायला मिळालं की इमाम पट्टेवाल्याचा दिवस बरा जायचा. मागच्या बाजूला कोंबलं की गुडघे हनुवटीला लागायचे, इतका तो उंच. त्या दिवशी, सन पस्तीसच्या माघात, तो ऐटीत पुढं बसला होता. मांडीवर साहेबांचा जेवणाचा डबा होता आणि काटेवाडीच्या गुऱ्हाळांचा गोड धूर नाकात जात होता. पुढं कालव्याचा ऊस मागं पडला, कोरडवाहू ज्वारी लागली, तरी त्याच्या मनात काही पाल चुकचुकली नाही. बारामतीच्या कचेरीत त्यानं अर्धं आयुष्य काढलं होतं आणि चौकशा ढिगानं पाहिल्या होत्या. साहेबांनी विचारायचं, लोकांनी माना हलवायच्या आणि सगळ्यांनी ऊन चढायच्या आत घरी जायचं, एवढीच त्याच्या लेखी चौकशी.

ही चौकशी मात्र जरा जड होती. संक्रांतीच्या सुमारास पोलिसांनी कळस गावात झुंबर नावाच्या शेतकऱ्याच्या घरावर छापा घातला होता. दरोड्यातला एक फरारी तिथं लपलाय अशी खबर लागली होती. फरारी काही सापडला नाही, पण दार उघडायला आलेला झुंबर उंबऱ्यातच डाव्या बरगडीखाली गोळी लागून मेला. तपासासाठी बाहेरून आलेल्या फौजदारांचं म्हणणं असं, की झुंबर आतून अवाक्षरही न बोलता कुऱ्हाड उगारून अंगावर आला. गोळी झाडली नसती तर आपलंच डोकं फुटलं असतं. झुंबरचा धाकटा भाऊ कुंडलिक मागून धावत आला आणि त्यानं आपला गळा धरला, असंही ते सांगत. कुंडलिक तेव्हापासून कोठडीत होता. फौजदारांचं खरं धरलं तर त्याची जन्मठेप चुकत नव्हती. खोटं ठरलं तर फौजदारांच्याच अंगावरची वर्दी उतरणार होती.

झुंबरचं घर गावाच्या कडेला, धाब्याचं, पांढऱ्या मातीच्या भिंतींचं. पुढं अंगण, अंगणात बैलांची दावण, आणि घराला एकच दार. दाराची चौकट इतकी ठेंगणी, की आत शिरताना फौजदारांच्या कपाळावर टेंगूळ आलं आणि साहेबांची हॅट मागं पडली. त्यांच्यामागून इमाम गेला. तो चौकटीपाशी नेमका वाकला आणि सुखरूप आत पोचला. पोलीसपाटील आबाजी त्याच्याकडं बघत राहिला.

"तुमी आदी आलाय का हितं?" त्यानं विचारलं.

"छ्या! कळसचं नाव फकस्त टपालावर वाचलंय," इमाम म्हणाला. आपण वाकलो कधी, हे त्यालाच आठवत नव्हतं. उंच माणसाला सवयच असते, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

साहेबांनी जागा पाहिली, अंगणात खुर्ची टाकून घेतली आणि म्हणाले, "तोंडी पुष्कळ झालं. त्या दिवशी जे झालं ते मला आत्ता करून दाखवा. फौजदार, तुम्ही तुमच्या जागी उभे राहा. झुंबरच्या जागी त्याच्या अंगापिंडाचा माणूस हवा."

अंगणाच्या कडेला जमलेली माणसं एकेक पाऊल मागं सरली.

"झुंबर लई उंच हुता, साहेब," आबाजी म्हणाला. "एवढा उंच माणूस गावात न्हाय. आन असता तरी उभा राह्यला नसता. मेलेल्याच्या जागी कोन उभं राह्यल?"

सगळ्यांचे डोळे इमामकडं वळले. त्याला हसू आलं. "राहतो की साहेब. नुसतं उभंच तर राह्याचंय."

साहेबांनी फौजदारांचं पिस्तूल स्वतः उघडून पाहिलं आणि रिकामं असल्याची खात्री करून परत दिलं. मग इमामला समजावलं: फौजदारांच्या सांगण्याप्रमाणे कोपऱ्यात कुऱ्हाड ठेवली आहे. दारावर थाप पडली की ती उचलायची, दार उघडायचं आणि उगारायची. फौजदार दारापासून हातभर अंतरावर उभे होते. त्या दिवशीही आपण इथंच होतो, असं त्यांनी पायानं रेघ मारून दाखवलं. दावणीजवळ बेड्या घातलेला कुंडलिक दोन शिपायांमध्ये उभा होता. तो कुणाकडंच बघत नव्हता. झुंबरची बायको रंगूबाई भिंतीला टेकून बसली होती.

दार लोटलं गेलं आणि इमाम अंधारात उरला. बाहेर एवढं लख्ख ऊन असून आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. सारवलेल्या जमिनीचा आणि कणगीतल्या ज्वारीचा वास येत होता. फटीतून येणाऱ्या बारीक उजेडात दाराच्या दोन्ही अंगांना भिंतीत ठोकलेले जाड लोखंडी आकडे तेवढे दिसत होते. आकड्यांत काहीच नव्हतं. दाराला आतून साधी कडीसुद्धा नव्हती. ही माणसं रात्री दार लावतात तरी कशानं, असं इमामच्या मनात आलं.

थाप पडली. "दार उघड! पोलीस!"

इमाम कुऱ्हाडीकडं वळला. तेवढ्यात त्याच्या कोपराशी कुणीतरी बोललं. झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा जड आवाज होता.

"थांबा जी. काढतुया."

लोखंडावर लाकूड खरवडल्याचा आवाज झाला. काहीतरी लांब, जाड, इमामच्या छातीला घासून गेलं. त्याच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला खणकन वाजला. मग दार उघडलं आणि ऊन आत आलं. आत त्याच्याशिवाय कुणी नव्हतं.

बाहेर साहेब खुर्चीतून उठले होते.

"तू आत काय म्हणालास?"

"मी? मी कुठं काय म्हनलो, साहेब?"

"थांबा जी, काढतुया. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, इमाम."

"साहेब, त्यो मी न्हवं. दुसरं कोनतरी..." इमामनं मागं अंधारात बोट दाखवलं. आतल्या कणगीमागं एका शिपायानं जाऊन पाहिलं. उंदीरसुद्धा नव्हता.

भिंतीशी बसलेली रंगूबाई उभी राहिली होती. "ह्येच बोलले हुते त्ये," ती म्हणाली. "अगदी ह्येच."

"बाईनं पढवलंय याला!" फौजदार ओरडले.

इमामचं डोकं फिरलं. "मला कोन पढवनार? मोटारीतनं उतरल्यापास्नं तुमच्या नजरंसमोर हाय की मी!"

साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं आणि स्वतः दारापाशी गेले. लाकूड खरवडल्याचा आवाज त्यांनीही ऐकला होता, आणि आपण ऐकलं त्याचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी आकडे वाकून पाहिले. दोन्ही आकड्यांत कोळ्यानं जाळं विणलं होतं. जाळी अख्खी होती, एक धागाही तुटलेला नव्हता. साहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"आणखी एकदा," ते म्हणाले.

इमामला आत जायचं नव्हतं. पाय उंबऱ्यावर घुटमळले. भीती वाटत होती, आणि भरदिवसा, वीस-पंचवीस माणसांदेखत भीती वाटते याची लाजही वाटत होती. पण साहेबांचा हुकूम होता. तो वाकला आणि आत गेला. या वेळी त्यानं कुऱ्हाडीकडं पाठ केली आणि दोन्ही हात काखांमध्ये घट्ट दाबून धरले. पुन्हा काही झालं तर ते आपण केलं असं कुणी म्हणायला नको.

थाप पडली.

या वेळी कुणी बोललं नाही. शेजारी कुणी नव्हतंही. इमामला जरा हायसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की आपले हात काखांत नाहीत.

ते आकड्यांच्या उंचीवर होते. दोन्ही तळव्यांत काहीतरी खरबरीत, गार आणि अतिशय जड होतं. एका हातानं ते पेललंच नसतं. हे हातात असताना माणूस कुऱ्हाड धरणार कशी, असा अगदी सरळ विचार त्याच्या मनात आला.

त्यानं ते वर उचललं, आकड्यांतून सोडवलं आणि पायानं दार ओढलं.

ऊन डोळ्यांवर आलं.

फौजदार रेघेवर नव्हते. ते पार मागं, दावणीच्या पलीकडं उभे होते. दोन्ही हातांत पिस्तूल धरलं होतं आणि ते इमामवर रोखलं होतं.

"टाक!" ते किंचाळले. "अडसर खाली टाक!"

कुणी हललं नाही.

रिकामं पिस्तूल खट् करून वाजलं.

इमामनं खाली पाहिलं. त्याचे हात कमरेपुढं, एकमेकांपासून लांब, मुठी वळलेले होते. मुठींत काहीही नव्हतं.

"फौजदार," साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही त्याला काय टाकायला सांगितलंत?"

"कुऱ्हाड."

"कुऱ्हाड आत कोपऱ्यात आहे. इथून दिसतेय."

"मी कुऱ्हाडच म्हटलं, साहेब."

"मी अडसर ऐकलं." साहेब आबाजीकडं वळले. "पाटील, पंचनाम्यावर तुमचा अंगठा आहे. तुम्ही काय ऐकलंत?"

आबाजीनं आधी फौजदारांकडं पाहिलं. मग दावणीजवळच्या कुंडलिककडं पाहिलं. कुंडलिकनं आज पहिल्यांदा मान वर केली होती. आबाजीनं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं.

"अडसरच म्हनले, साहेब. आजबी आन त्या दिशीबी." त्यानं दाराकडं बोट केलं. "या दाराला बाभळीचा अडसर हुता. दोन हातांनी उचलून काढल्याबिगर दार उघडत न्हाय. झुंबर अडसर काढून तसाच उबा राह्यला, आन ह्यांनी लांबनंच गोळी घातली. कुंडलिक भावाला उचलाया धावला, गळ्याबिळ्याला कुनाच्या हात लावला न्हाय. अडसर त्याच दिशी ह्यांच्या गाडीत घालून नेला. कुऱ्हाड घरातनं काढून उंबऱ्यात ठिवली. मला म्हनले, अंगठा कर, न्हायतर तुजी पाटीलकी जाईल. मी केला."

आपण काय पाहिलं आणि त्यातलं लिहायचं काय, या पेचात साहेब पडले असावेत. शेवटी त्यांनी शिपायांना सांगितलं, "कुंडलिकच्या बेड्या काढा," आणि फौजदारांपुढं हात पसरला. फौजदारांनी पिस्तूल मुकाट्यानं देऊन टाकलं. त्यांची नजर अजून इमामवर खिळली होती.

"साहेब, त्याला खाली ठेवायला सांगा," ते अगदी अजिजीनं म्हणाले. "तो अजून धरून उभा आहे."

इमामनं घाईघाईनं मुठी सोडल्या.

शिपाई फौजदारांना मोटारीकडं घेऊन गेले. बायांनी कुंडलिकला वेढलं, कुणी रडत होतं, कुणी त्याची मनगटं चोळत होतं. इमामला त्याचं बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं. पण डोक्यात सगळा गुंता झाला होता. अडसर आपण काढला की दुसऱ्या कुणी? दुसऱ्या कुणी काढला तर आपले दंड का भरून आलेत? तो दाराशेजारच्या ओट्यावर बसला. घशाला कोरड पडली होती, आणि ती साधी कोरड नव्हती. ज्येष्ठातल्या उन्हात दिवसभर चाललेल्या माणसालाही एवढी तहान लागत नसेल.

त्यानं पाणी मागितलं नव्हतं. तरी रंगूबाई तांब्या भरून घेऊन आली.

"अगं, वरनं घाल," आबाजी दबक्या आवाजात म्हणाला. "मुसलमान हाय त्यो. ओंजळीत घाल."

रंगूबाईनं ऐकलंच नाही. तिनं घरातला पितळी तांब्या सरळ इमामच्या हातात दिला.

"जाताना त्ये पानी पानी करत हुते," ती म्हणाली. "शिपाई उंबऱ्यात आडवा उबा हुता. मला जाऊ दिलं न्हाय."

बाई, मी नव्हे तो, असं इमामला म्हणायचं होतं. पण जीभ टाळ्याला चिकटली होती. त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा सगळा रिकामा केला. पाणी गार होतं, गोड होतं. तहान मात्र होती तेवढीच राहिली.

पोटाशी काहीतरी गार लागलं म्हणून त्यानं खाली पाहिलं. हनुवटी कोरडी होती, गळा कोरडा होता, एक थेंबही सांडला नव्हता. पण डाव्या बरगडीखाली कोटावर बोराएवढा ओला डाग उमटला होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो पसरला, आणि त्यातून स्वच्छ पाण्याची एक बारीक धार ओट्यावर ठिबकू लागली.

रंगूबाईनंही ते पाहिलं. ती दचकली नाही. तिनं पदरानं तो डाग हलकेच टिपला आणि रिकामा तांब्या त्याच्या हातातून घेतला.

"आनखी आनते," ती म्हणाली.