भूल उतरेपर्यंत

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही, माझ्याच तोंडात घडलेली आहे.

अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती. गेल्या उन्हाळ्यातली भर दुपार. गाव कर्जत.

माझी खालची दाढ किडली होती. मी म्हटलं, उपटून टाका. डॉक्टर धवल म्हणाले, "वाचतेय की! रूट कॅनल करू."

इंजेक्शन दिलं. ओठ, जीभ, पार घशापर्यंत बधिर. दाढ कोरून त्यांनी आतली नस काढली.

"तोंड उघडंच ठेवा हं. एक्स-रे बघून आलोच."

ते बाजूच्या खोलीत गेले.

मी खुर्चीत आडवा. दिव्यामुळे डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं. गळ्यापर्यंत हिरवं कापड.

आणि मग... पंख्याचा आवाज थांबला.

रस्त्यावरच्या गाड्याही ऐकू येईनात.

बांगड्या वाजल्या... अगदी कानाशी.

"गोरख... आले रं बाबा. लई येळ झाला. यष्टीच न्हाई घावली."

कपाळावरून एक हात फिरला. गार. थरथरणारा.

माझं नाव सुनील आहे. सांगणार कसं? जीभच हलेना.

"घे... घोटभर घे."

तोंडात काहीतरी पडलं. कळलं ते फक्त वासावरून...

तुळस.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. तीही बधिर झाली असावी.

डॉक्टर आले तेव्हा पंखा गरगरत होता. त्यांनी चिमट्याने माझ्या जिभेवरून एक हिरवं पान उचललं.

"काय हो, काय खाऊन आलात?"

"आत कोण आलं होतं?" मी बोबडं विचारलं.

दाराशी बसणाऱ्या पुष्पावतीबाई म्हणाल्या, "कुनीच न्हाई. मी हितंच हाय की."

मग त्यांना पान दिसलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"तुमच्या आधी हितं मोठा दवाखाना हुता, डॉक्टर," एवढंच बोलल्या.

घरी आईला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. तुळशीचं पाणी आपण जाणाऱ्या माणसाच्या तोंडात घालतो.

"पाणी गिळलं का रं?"

"तोंड बधिर होतं, आई. कळलंच नाही."

दाढ वाचली. कॅप बसली. आता मी त्याच बाजूने ऊस सोडून सगळं खातो.

पण भीती वाटते, खोटं कशाला बोलू. आई अजूनही जेवताना मध्येच थांबते, माझ्याकडे बघते.

"नीट आठव ना रं... थुकलास का गिळलंस?"

मी रोज आठवतो. आठवत नाही.