दहापैकी किती?

सातवा दिवा बेचाळीस दिवसांपासून विझलेला होता आणि तो पुन्हा पेटवण्यासाठी आम्ही तिघे निघालो होतो.

आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर सात हिरवे दिवे, डोंगरात ठिकठिकाणी बसवलेल्या, भूकंप टिपणाऱ्या सात कंपनमापकांचा एकेक. सातवं यंत्र सगळ्यांत उंचावर, एका उघड्या डोंगरधारेवर होतं. एकोणीस वर्षांपूर्वी ते माझ्या आत्यानं स्वतः बसवलं होतं. आत्या आमची विभागप्रमुख, महिन्याभरात निवृत्त होणार होती. विझलेला दिवा मागे ठेवून जाणं तिला मान्य नव्हतं. मी तिची भाची आणि कार्यालयातली सगळ्यांत नवी. ओळखीनं लागली असं लोक म्हणायचे, म्हणून मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची. बदली बसवायचं राखीव यंत्र माझ्याच पिशवीत होतं. तिसरा आमचा वाटाड्या. तो आत्याला 'मोठ्या बाई' म्हणायचा आणि मला 'शास्त्रज्ञबाई'.

"शास्त्रज्ञबाई, थंडी वाजतेय हे कळायला वही कशाला लागते?" मी तंबूत तापमान लिहिताना तो विचारायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला धार समोर आली. मधे सुट्या दगडांची एक घळ आणि घळीपलीकडे आत्यानंच पूर्वी बांधून घेतलेला दगडी निवारा. आम्ही एकामागून एक निघालो. अर्ध्यावर पोचतो तोच वरून शिट्टीसारखा आवाज आला.

"पळा!" वाटाड्या ओरडला.

दगड सुटले! पहिला माझ्या डोक्यावरून गेला. दुसरा आत्याच्या नडगीवर बसला. ती पडली. मी जागच्या जागी थिजले. ती उठली! माझ्या पिशवीचा पट्टा धरून तिनं मला ओढलं. वाटाड्यानं खांद्यावरचं ओझं टाकून दिलं. चाळीस पावलं आम्ही धावलो, निवाऱ्याच्या भिंतीआड कोसळलो आणि मागे घळभर धूळ उसळली.

"सगळे आहेत ना?" आत्यानं विचारलं. मग तिनं खाली पाहिलं. तिचा डावा पाय नडगीच्या मध्यावर वाकला होता.

"अगंबाई," ती म्हणाली. स्वेटर उसवलेला दिसावा इतक्याच आश्चर्यानं. "मला तर काहीच दुखत नाहीये."

का दुखत नाही ते मला ठाऊक होतं. वेदना हाच माझ्या पदवीच्या प्रकल्पाचा विषय होता. जीव वाचवायची घाई असते तेव्हा पायाकडून येणारी ओरड मेंदू वाटेत, मणक्यातच दाबून टाकतो. आधी पळ, मग रड. पण ही सवलत थोड्याच वेळाची असते, हेही मला ठाऊक होतं.

सात मिनिटांत ती संपली.

औषधांचा डबा वाटाड्यानं टाकलेल्या ओझ्यात होता आणि ते ओझं आता दगडांखाली होतं. तंबूच्या काठ्या लावून आम्ही पाय बांधला. आत्या किंचाळली. तिला मी असं कधी ऐकलं नव्हतं. खालून माणसं आणायला उद्याची संध्याकाळ होणार होती. वाटाड्या घळीला वळसा घालून जायला निघाला.

"शास्त्रज्ञबाई, मोठ्या बाईंकडे लक्ष ठेवा."

ठेवलं. तिथेच चुकलं.

माझ्या हातात औषध नव्हतं, पेन होतं. मी वहीत रकाने आखले आणि दर पंधरा मिनिटांनी विचारू लागले, "आत्या, दहापैकी किती?"

दहा वाजता सहा. सव्वादहाला सहा. मग सात, सात, आठ, आठ. साडेअकराला नऊ.

रकाने भरत होते आणि मला आपण काहीतरी करतोय असं वाटत होतं. मग एक गोष्ट दिसली. तेराव्या मिनिटालाच आत्याचा श्वास जोरात व्हायचा. तिचे डोळे माझ्या मनगटावर असायचे.

"तू घड्याळ बघितलंस की मला पाय सापडतो," ती दातांवर दात धरून म्हणाली. "मधे एखादं मिनिट तो हरवलेला असतो गं."

प्रकल्पात मी विद्यार्थ्यांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावला होता. अर्ध्यांनी हाताकडे बघायचं आणि किती दुखतंय ते सांगत राहायचं. उरलेल्यांनी शंभरातून सात-सात वजा करत जायचं. बघणाऱ्यांनी हात कितीतरी आधी बाहेर काढले. पाणी तेच, बर्फ तेवढाच! त्याचा आलेख मी रंगीत काढला होता, पहिला वर्गही मिळवला होता. आणि आता दर पंधरा मिनिटांनी मी सख्ख्या आत्याचा पाय त्याच पाण्यात धरत होते.

मी वही मिटली. मग तिला गुंतवायला एक विनोद सांगितला.

"विनोद अगदी तुझ्या बापासारखे आहेत," ती म्हणाली. "दुखण्यात भर घालू नकोस."

दुसरं काही सुचेना. मी तिचा हात धरून बसले. हात धरून काही होत नव्हतं. ऊन भिंतीवरून वीतभर सरकलं.

"खरं सांग," तिनं अचानक विचारलं. "पाय जाणार?"

मी मोजा काढला. अंगठ्याचं नख दाबलं, ते पांढरं पडलं. सोडलं, लगेच गुलाबी झालं. "हे बघ, रक्त पोचतंय. बोटं हलव. हलली! दुखणं वाढतंय म्हणजे पाय मरतोय असं नाही, आत्या. तू घाबरलीस की मेंदू..."

"कान मोठा करतो," ती म्हणाली.

यंत्राची संवेदनशीलता वाढवायच्या कळीला कार्यालयात सगळे 'कान' म्हणतात. कान पूर्ण मोठा केला की शेजारून शेळी गेली तरी पडद्यावर भूकंप होतो.

"मग लहान कर ना माझा कान!"

"ती कळ कुठे असते मला माहीत नाही गं," मी म्हणाले आणि रडू लागले.

तिनं मला रडू दिलं. मग तिच्या कार्यालयातल्या आवाजात म्हणाली, "झालं असेल तर राखीव यंत्र काढ. पिशवी आपटलीय. बघू दे."

झाकण उघडलं. आत स्प्रिंगला टांगलेलं वजन शाबूत होतं, पण केसासारखी एक तार निखळली होती.

"चिमटा," आत्या म्हणाली.

पडल्या पडल्याच, यंत्र छातीवर ठेवून ती तार बसवू लागली. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा स्क्रू फटीत पडला, तो शोधण्यात अर्धा तास गेला. मधेच पायातून कळ यायची. ती थांबायची, पिशवीचा पट्टा दातांत धरायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं. मी विचारायची नाही. मग पुन्हा, "चिमटा." चौथ्या खेपेला तार बसली!

दारातून सातवं ठाणं दिसत होतं. चारशे पावलं वर, उन्हात चमकणारी पेटी.

"मी हे तिथे बसवून येऊ का? तासाभराचं तर काम."

आत्या बराच वेळ पेटीकडे बघत राहिली. वाट घळीच्या माथ्यावरून जात होती. तिथून अजून खडे सुटत होते, टक, टक, टक.

"तू गेलीस तर मी काय करणार? ते खडे ऐकत पायाकडे बघत बसणार," ती म्हणाली. "राहू दे. विझलेला असू दे तो."

आम्ही यंत्र निवाऱ्याच्या जमिनीवर मांडलं. पातळी साधली, वजनाचा अडसर काढला. इवल्याशा पडद्यावर रेघ थरथरू लागली.

रात्र गेली. तिच्याबद्दल एवढंच.

दुसरा दिवस त्याहून वाईट निघाला. आत्याला चिमटा धरवेना, बोलवेना. पायाबद्दलची सगळी माहिती डोक्यात घेऊन मी तिच्या ओठांना ओला रुमाल लावत राहिले. चार वाजत आले. माणसं येणारच नाहीत, असा विचार माझ्या मनात आला आणि तो तिच्याही मनात असल्याचं तिच्या मुठींवरून कळत होतं.

"कान मोठा कर," ती पुटपुटली. ती पडद्याकडे बघत होती. "पूर्ण."

मी कळ फिरवली. रेघेवर बारीक टोकं उमटली, एकामागून एक.

"वारा असेल," मी म्हणाले.

"वारा असा पाय टाकत नाही." तिनं मान उचलली. "पाच जण आहेत. नाही, सहा! आणि एक लंगडतोय. आपल्या वाटाड्याच्या टाचेला फोड आलाय, बघ."

मी कान दिला. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. आत्याच्या मुठी मात्र सुटल्या, खांदे खाली आले, कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. औषध अजून वळणाच्या पलीकडे होतं!

वाटाड्या खरंच लंगडत आला.

पाय वाचला. चाळीस पावलांच्या त्या धावण्यात हाडाचा चुरा झाला होता, त्यामुळे आता तो बोटभर आखूड आहे. सातवा दिवा तसाच ठेवून आत्या निवृत्त झाली.

रुग्णालयात पहिल्या दिवशी परिचारिकेनं तक्ता हातात घेऊन विचारलं, "आजी, दहापैकी किती दुखतंय?"

"हिला विचारा," आत्यानं माझ्याकडे बोट केलं. "ही वही ठेवते."

मी वही उघडून दाखवली. साडेअकरानंतरचे सगळे रकाने कोरे होते.