सोळा जून ते तेवीस जून

सीताबर्डीवरच्या त्या ट्रॅव्हल ऑफिसात मी माझी मागणी सांगितली आणि शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ ग्लासातलं पाणी सांडेपर्यंत हसले.

मागणी तशी साधी होती. मला जहाजात बसून समुद्र पाहायचा होता आणि त्या जहाजावर लहान मुलं नको होती. नागपुरातच, इंदोऱ्यातल्या माझ्या घरात मी सव्वीस वर्षं पाळणाघर चालवत होते. सव्वीस वर्षं दिवसातून दहा वेळा डोकी मोजली होती. बागेत नेताना मोजा, आणताना मोजा, झोपल्यावर पुन्हा मोजा. एकदा तरी असं बसायचं होतं की डोळ्यांसमोर मोजण्यासारखं काही नाही... नुसतं पाणी.

टेबलापलीकडची रितिका, असेल पंचविशीची, म्हणाली की आंटी, मग जुलैत जा. पण जुलैत मी कशी जाणार? माझ्याकडची बहुतेक मुलं शिक्षिकांची. शाळेला सुट्टी तेव्हा पाळणाघराला सुट्टी. म्हणजे मी मोकळी तेव्हा देशभरातली मुलं मोकळी, आणि ती सगळी जहाजावर.

"माझंही तेच लफडं आहे," शेजारचे गृहस्थ रुमालानं शर्ट पुसत म्हणाले. "मले मे महिन्यात नातवंडं सांभाळा लागते. पुण्याची शाळा उघडली की मी मोकळा. त्याच्यापुढं मले चार दिवस कोणतंच पोट्टं नको."

त्यांनी रितिकाच्या टेबलावरचं कॅलेंडर आपल्याकडे ओढलं. पुण्याच्या शाळा सोळा जूनला उघडणार. मद्रासकडच्या तर जूनच्या सुरुवातीलाच. आणि आपल्या विदर्भाच्या, उन्हामुळे, तेवीसला. आमच्या लहानपणापासून हे असंच आहे. मुंबईची मामेभावंडं शाळेत जाऊन बसायची तेव्हा आम्ही अजून अंगणात माठाखाली गार झालेल्या मातीत खेळत असायचो. सव्वीस वर्षं सुट्ट्यांवर जगूनही हा आठवडा माझ्या डोक्यात आला नव्हता. त्यांनी मात्र सोळा आणि तेवीसच्या मध्ये पेनानं रेघ मारली, आणि सोळा जूनला मद्रासहून एक जहाज खरोखरच निघत होतं. श्रीलंकेला जाऊन वीसला परत. दोघांनीही आपापलं तिकीट तिथंच ठरवलं.

"सारा देश शाळेत आन् आपणच सुट्टीवर," ते म्हणाले.

"आपणच म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे... विदर्भ."

पण बोलताना ते कॅलेंडरकडे नव्हते बघत.

धम्मानंद खोब्रागडे त्यांचं नाव. मालगाड्यांवर आणि मग पॅसेंजर गाड्यांवर छत्तीस वर्षं गार्ड होते. वय चौसष्ट, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. माझे मालक जाऊन अठरा.

मला पासपोर्ट काढायचा होता. त्यांनी फोन करून कागद कोणते न्यायचे ते सांगितलं, आणि मग त्या दिवशी स्वतःच तिथं हजर. म्हणाले, इकडून जात होतो. पासपोर्टच्या ऑफिसावरून कुठे जायला रस्ता आहे ते मी विचारलं नाही. परतताना रसवंतीवर उसाचा रस घेतला, बिनबर्फाचा, आणि तिथं त्यांनी सांगून टाकलं की एक जुलैपासून ते कायमचे पुण्याला जाणार आहेत. मुलगी भावना, तिनं खोली तयार ठेवली होती. इथलं घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. माझ्या वयाच्या बाईनं कुणाशी हसून बोलावं तर लोक लगेच पुढचं बघतात. जाणाऱ्या माणसाशी मात्र मोकळं बोलता येतं. पुढचं काही नसतंच ना!

म्हणून मी मोकळं बोलत राहिले. मार्च गेला, एप्रिल गेला. आया मुलांना घेऊन गेल्या की सहाच्या सुमारास खोब्रागडे साहेब फाटकाशी उभे. कधी जहाजाचा कागद दाखवायला, कधी लंकेत कोणता विहार जवळ आहे ते सांगायला, कधी नुसतेच. चहा व्हायचा. आमच्या शेजारच्या सिंधूताई आठवडाभर गच्चीवरून बघत होत्या. एकदा मला ओट्यावर गाठून म्हणाल्या, "काहून वं प्रेमिला, हे मोठं पोट्टं कोणाचं? रोज सहाले येते, पण त्याले घ्याले कोणी येऊनच नाही राहिलं."

मे महिन्यात नातवंडं आली आणि ते दिसेनासे झाले. पण रोज दुपारी फोनवर त्यांचा एक आकडा यायचा. त्रेचाळीस. पंचेचाळीस. त्या दिवसाचं ऊन. मी लिहायचे, 'सावलीत राहा.' एक दिवस आकडा आला नाही तर मी कूलरसमोर बसूनही घामानं भिजले. संध्याकाळी आला. छोट्याला ताप होता म्हणून राहिलं, असं लिहिलं होतं. तेव्हा कळलं की माझं मोकळेपण जरा जास्तच झालं आहे.

चौदाला नातवंडं पुण्याला गेली, पंधराला आम्ही मद्रासच्या गाडीत बसलो. मला खालचा बर्थ, त्यांना समोरचा. दुपारी बल्लारशाच्या पुढे त्यांचा डोळा लागला. मी पुस्तक उघडून बसले होते. गाडी एका स्टेशनातून न थांबता सुटली तेव्हा झोपेतच त्यांचा उजवा हात थोडा उचलला गेला आणि हळूच दोनदा हलला. हिरवं निशाण... मी पुस्तक मिटलं. पुढच्या स्टेशनाची वाट बघत बसले, पुन्हा हात हलतो का ते पाहायला. हलला. एवढ्याशा गोष्टीत एवढं काय होतं ते सांगायला मला शब्द नाहीत, आणि तुम्ही कुणावर जीव लावून बसला असाल तर सांगायची गरजही नाही.

त्या क्षणापासून एक जुलै मला दिसायला लागला. मी म्हणू शकत होते, जाऊ नका. पण कोणत्या तोंडानं? ज्या घरात आजी-आजोबा नाहीत त्या घरातली मुलं माझ्याकडे येतात. दारात वाट बघणारं मूल कसं दिसतं हे मला माहीत होतं. पुण्यातल्या दोन मुलांचा आजोबा काढून घेणारी बाई मला व्हायचं नव्हतं.

जहाज पाहिलं आणि मी सगळं विसरले. एवढं मोठं, पांढरं, आमच्या मोहल्ल्याएवढं. शिडी चढून वर गेले, काचेचं दार सरकलं, गार हवा अंगावर आली, आणि आतून आवाज आला:

"ये पोट्ट्या, पडशीन नं!"

मी जागच्या जागी थांबले. समोरच्या गालिच्यावरून दहा-बारा मुलं धावत गेली. मागून आणखी सहा. जेवणाआधी मी अडतीस मोजली, मग सोडून दिलं. नागपूर, वर्धा, अमरावती, चंद्रपूर... अर्धा विदर्भ जहाजावर. एका बापाला विचारलं तर तो अभिमानानं म्हणाला, "काकू, या आठवड्यात जहाज रिकामं असते. आमच्या ट्रॅव्हलवाल्या रितिकानं सांगितलं. कोणाले माहीतच नाही."

खोब्रागडे साहेबांनी भिंतीला हात टेकला. त्यांचे खांदे हलत होते. मी रागानं बघितलं तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. आणि तेवढ्यात माझ्या पायाला मिठी पडली. माझ्याच पाळणाघरातली नंदिनी, पहिलीतली. तिनं सगळ्या जहाजाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की ही आमची सांभाळणारी आजी आहे.

मग काय. नंदिनीची आई दहा मिनिटांसाठी मुलगी सोडून गेली ती दीड तासानं आली. तिचं बघून दुसरी, तिसरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेकवर अकरा मुलांत बसले होते आणि समुद्र माझ्या पाठीमागे होता. मला रडू आलं असतं. पण गार्डसाहेब आले, त्यांनी मुलांना एकामागे एक उभं केलं, सगळ्यात मागे स्वतः राहिले आणि शिट्टी मारली. गाडी डेकभर फिरली. स्टेशनं नागपूरची होती, अजनी, इतवारी, कामठी. दर वळणावर ते मागून ओरडून विचारायचे, कोणी सुटलं तर नाही ना? मला खुर्ची समुद्राकडे वळवून दिली होती त्यांनी. मी तासभर पाणी बघावं असं ठरलं होतं. मी तासभर गाडी बघितली.

आणि ते मुलांत जितके रमलेले दिसले, तितकं 'जाऊ नका' हे माझं वाक्य मला गिळावं लागलं.

तिसऱ्या दिवशी लंका. बसनं एका विहारात नेलं. आमच्यातली कितीतरी कुटुंबं पिंपळाखाली बसली, वंदना सुरू झाली, आणि तिथल्या बायकांनीही तेच त्रिसरण आमच्याबरोबर म्हणायला घेतलं. भाषा वेगळी, पण पाली तीच. जहाज डोक्यावर घेणारी मुलं हात जोडून गप्प बसली होती. गर्दीत जागा कमी, खोब्रागडे साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही माझ्या हाताला लागत होती. त्यांनी हात काढला नाही. मीही नाही.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी वरच्या डेकवर गेले. मुलं झोपलेली असण्याची ती एकच वेळ. समुद्र शिशासारखा सपाट. ते आधीच तिथं होते, कागदी कपात चहा घेऊन, आणि दुसरा कप शेजारी कठड्यावर ठेवलेला. मी येईन हे धरूनच चाललेला माणूस.

मी तो कप उचलून चहा संपवला. मग मीच म्हटलं, "तुम्ही पुण्याले जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. आजोबाची वाट पाहणारी पोरं मी रोज पाहते. पण... तुम्ही गेले तर मले करमणार नाही. एवढं सांगून ठेवते."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "हे तुम्ही सांगून राहिल्या, का तक्रार करून राहिल्या?"

"दोन्ही."

ते हसले नाहीत. कप दोन्ही हातांत धरून म्हणाले, "पोरं साडेसातले जाते, पाचले येते. मग क्लास. मागच्या डिसेंबरात महिनाभर राहिलो मी तिथं. दिवसभर मी आन् टीव्ही. पोरांले मी लागतो सुट्टीत, आन् सुट्टीत ते नागपूरले येतेच."

"मग भावना बोलावते कशाला?"

"बाप एकटा आहे म्हणून." ते आता माझ्याकडे वळले. "त्या पोरीले रात्री झोप नाही लागत, बाबा एकटे आहे म्हणून. मी एकटा नसलो... तर तिले मले बोलवाचं काही कारणच उरत नाही."

सूर्य अजून वर आला नव्हता. पाण्याची कड तेवढी लाल झाली होती. मी हळूच विचारलं, "आणि तुम्ही एकटे नाही, हे तिला कोण सांगणार?"

"तेच विचारून राहिलो तुम्हाले," ते म्हणाले. "सांगू काय?"

आयुष्यात मी एवढी मोठी गोष्ट एवढ्या कमी शब्दांत कधी ठरवली नव्हती. मी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला, माझ्या कपात बसवला आणि म्हटलं, "सांगा."

पण सांगणार कसं? फोनला रेंज नव्हती. तो अख्खा दिवस ते फोन उंच धरून जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. मागून पंधरा-वीस मुलं. त्यांना वाटलं हाही खेळच आहे, आणि रेंज आली का, आली का, असं विचारून विचारून त्यांनी मला कोपऱ्यात लपायची वेळ आणली. काही आयांना संशय आला असावा. नंदिनीची आई तर माझ्याकडे बघून उगीचच गोड हसली.

वीस तारखेला सकाळी मद्रासचा किनारा धूसर दिसायला लागला आणि फोन वाजू लागला. साठलेले सगळे निरोप एकदम आले. त्यांनी कुठलाच वाचला नाही. भावनाचा नंबर लावला. मी चार पावलं लांब उभी राहिले, कठड्याचा रंग बघत. ते काय बोलले ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. फक्त माझं नाव आलं, पूर्ण, आडनावासकट, शाळेच्या हजेरीत घेतात तसं... प्रेमिला रामटेके. मग ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी कठड्याचा रंग नखानं खरवडत राहिले.

मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. म्हणाले, तिले तुमच्याशीच बोलायचं आहे.

मी फोन कानाला लावला. पलीकडे पुण्यातली सकाळ होती, कुकरची शिट्टी, कुणीतरी मोजा शोधत होतं. नाक ओढल्याचा आवाज आला. मग भावना म्हणाली, "काकू, एक आधीच सांगून ठेवते. बाबा पहाटे पाचला उठतात, मोठ्यानं रेडिओ लावतात आणि सगळ्यांना उठवतात. तुम्हाला चालेल ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते दुसरीकडे बघण्याचं नाटक करत होते.

"बाळा," मी म्हटलं, "मी साडेचारला उठते. रेडिओ कोणता लावायचा ते मीच ठरवीन."