लातूरचं पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं

सोमवारच्या सकाळच्या नांदेड-लातूर गाडीत लुंबिनीनं मांडीवर फाईल उघडली, दातांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि कामाला लागली. शेजारी कोण बसलंय हे तिनं पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तर तोंड आवरलं असतं का? छे. तिचं तोंड आवरणं तिच्या आईला, नागुबाईलाही, सव्वीस वर्षांत जमलं नव्हतं.

फाईलमध्ये एका पुस्तकाचं हस्तलिखित होतं. लातूरची एक ख्रिस्ती संस्था आपल्या वसतिगृहातल्या आठवीच्या मुलांसाठी भौतिक विज्ञानाची ओळख करून देणारं पुस्तक काढणार होती, तेही ख्रिस्ती दृष्टीतून. छापण्याआधी बाहेरच्या विज्ञान शिक्षकाचा सहीनिशी अभिप्राय हवा, असा संस्थेचा नियम. लातूरच्या एका हायस्कुलातल्या लुंबिनी मॅडम कडक तपासतात, असं ऐकून त्यांनी फाईल तिच्याकडे धाडली. घरी बुद्धवंदना म्हणत वाढलेल्या लुंबिनीला प्रत्येक धड्याच्या डोक्यावर बायबलचं वचन पाहून जरा गंमत वाटली, पण वचनांना तिनं पेन लावला नाही. पेन चालला तो खालच्या मजकुरावर.

“प्रकाश देवाच्या आज्ञेनं वाकतो,” ती पुटपुटली. “अहो, का वाकतो ते आधी सांगा, आज्ञा कुणाची ते मग बघू... विज्ञान लिहून राहिला का प्रवचन देऊन राहिला हा माणूस?”

“दोन्ही,” शेजारून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. चष्मेवाला, सावळा, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेला एक तरुण तिच्या लाल रेघांकडे कळवळून बघत होता.

“तुम्हाला काय म्हाईत?”

“मीच लिहिलंय. शांतवन माझं नाव. दोन वर्षं लागली... अजून लई रेघा मारणार का?”

“पुस्तक संपेपर्यंत.”

“मग अहमदपूरला चहा पाजतो. तेवढा वेळ तरी पेन थांबंल.”

पेन थांबला. चहा संपला तरी जरा वेळ थांबलाच होता.

पुढं दर शनिवारी शाळा सुटली की शांतवन तिच्या प्रयोगशाळेत हजर. लुंबिनी चूक दाखवायची, तो वाद घालायचा, हरायचा आणि हरल्यावर इतकं मोकळं हसायचा की तिला जिंकल्याचं सुख धड मिळायचंच नाही. त्यानं काचेचं चंचुपात्र पुसून तिच्या हाती दिलं आणि बोटाला बोट लागलं, की दोघंही उगाच खिडकीबाहेर बघत. बाहेर मैदान आणि सायकली, बघण्यासारखं काही नव्हतं.

सगळ्या पुस्तकाची दुरुस्ती झाली. अडलं ते एका वाक्यावर — ‘पाणी जगात कुठेही शंभर अंशालाच उकळते, निर्मात्याचा नियम केसभरही ढळत नाही.’

“मोजलंय का?” लुंबिनीनं विचारलं.

“त्यात काय मोजायचं?”

तिनं बर्नर पेटवला. पाणी खदखदलं. थर्मामीटरचा पारा अठ्ठ्याण्णववर चढला आणि तिथंच बसला. दुसरा थर्मामीटर लावला, तोही तिथंच.

“लातूर उंचावर हाय, हवेचा दाब कमी,” ती म्हणाली. “नांदेड खाली हाय. तिथं नव्याण्णवच्या आसपास येईल.”

“येऊन बघू का?”

ती लाजली... पण नको म्हणाली नाही.

रविवारी तो खरंच थर्मामीटर घेऊन तिच्या घरी नांदेडला हजर. तिचे वडील साहेबराव दारातच उभे.

“जय भीम, काका.”

“जय भीम. तुमच्या लातुरात पाणी उकळत न्हाई का?”

“उकळतं, पण लवकर उकळतं.”

साहेबरावांनी लेकीकडं एकदा पाहिलं आणि बाजूला झाले. नागुबाईनं चहासाठी उकळत ठेवलेल्या पाण्यात पत्ती टाकायला हात नेला तर, आधी मोजू द्या म्हणून, दोघंही एकदम नको नको म्हणाले. पारा नव्याण्णवच्या जरासा खाली थांबला.

पण खरी अडचण पुढंच होती. ते वाक्य शांतवनचं नव्हतं, त्याच्या वडिलांचं होतं. चर्चचे पाळक दयानंद हेच पुस्तक समितीचे अध्यक्ष, आणि ते वाक्य त्यांच्या फार जिव्हाळ्याचं. वाक्य राहील, नाहीतर पुस्तक छापणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. शांतवन लुंबिनीकडं आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“एकच वाक्य हाय... सही करून टाका ना. माझ्यासाठी.”

 ज्याच्यासाठी लुंबिनीनं काहीही केलं असतं तो नेमकं तेवढंच मागत होता, जे तिला करता येत नव्हतं. तिनं फाईल बंद करून त्याच्या हातात दिली.

“माझी सही खोट्याखाली पडणार न्हाई, सर. तुमच्यासाठी तर न्हाईच.”

दहा दिवस तो आला नाही. अकराव्या दिवशी समितीचं बोलावणं आलं, अभिप्राय समक्ष द्या. ती गेली. खोलीत पाच-सहा माणसं, मधे पाळकसाहेब. तिनं तोंड उघडायच्या आत शांतवन उठला. 

“पप्पा, मी मोजलं. लातुरात मोजलं, नांदेडात मोजलं. ते वाक्य चुकीचं हाय. हवं तर पुस्तक छापू नका, पण हे पोरांच्या हाती देऊ नका.”

पाळकसाहेब लुंबिनीकडं वळले. “बाई, तुम्ही तर देव मानत न्हाई. मग त्याच्या पुस्तकाची एवढी काळजी कशाला?”

“पोरं मोजतील, साहेब. अठ्ठ्याण्णव आलं की ती शंका थर्मामीटरवर घेणार न्हाईत, तुमच्या देवावर घेतील.”

 पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिच्याकडंच हात पुढं केला आणि तिचा लाल पेन मागून घेतला. वाक्य त्यांनी स्वतः खोडलं. लुंबिनीनं खाली सही केली.

बाहेर व्हरांड्यात शांतवन तिच्यामागं धावतच आला.

“मॅडम... लुंबिनी... मला तुमच्याशी लग्न करायचंय.”

“मी बाप्तिस्मा घेणार न्हाई.”

“मी मागितला कुठं?”

“तुम्हीबी चर्च सोडायचं न्हाई. नोंदणीचं लग्न करायचं. तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, साक्षीदार तीन.”

शांतवन बघतच राहिला. “तुम्हाला हे कसं म्हाईत?”

“कचेरीत जाऊन विचारून आले.”

“कधी?”

“फाईल परत केली ना, त्याच दिवशी दुपारी.”

“तवा तर तुम्ही माझ्यावर लई चिडल्या होत्या.”

“चिडले होतेच,” लुंबिनी म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं लपवलं नाही. “आज तुम्ही गप बसला असता तर न्हाईच म्हणणार होते. पण तुम्ही उठाल, असं वाटत होतं मला.”