दोन निळ्या पेट्या आणि एक गुडघा

ऑपरेशन नऊला होतं. साडेअकरा वाजता दोन निळ्या पेट्या ढकलत तो चंद्रपूरच्या एका दवाखान्यात शिरला, तोही चक्क शीळ घालत! रात्रीपासून उपाशी, हिरव्या गाऊनमध्ये चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या दिव्यानीचं डोकंच फिरलं.

“ओ पेटीवाले! येऊन राह्यले का फिरून राह्यले? रातच्यापासून उपाशी आहो मी!”

तो थबकला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, डोळे मात्र हसरे. “नागपूरहून येऊन राह्यलो मॅडम. सकाळी तिथी एक गुडघा, आता तुमचा, संध्याकाळी घुग्घुसच्या ट्रक ड्रायव्हरचा खांदा. दुर्बिणीचं ऑपरेशन आता सगळ्यायलेच पाहिजे, अन् सेट एकच. मी तरी काय करू?”

“मले काय सांगता? तुमच्या कंपनीले सांगा न!”

“सांगतो न. पण तुमच्यासारखं ओरडता येत नाई मले...”

त्याचं नाव प्रफुल. दुर्बीण, कॅमेरा आणि सांध्यात घालायची बारीक हत्यारं पेट्यांत भरून गावोगावच्या दवाखान्यांत पोचवायची, हे त्याचं काम. दिव्यानीला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. वनरक्षकाच्या भरतीसाठी गावच्या तळ्याच्या पाळीवर धावताना तिचा पाय खड्ड्यात गेला आणि गुडघ्यातली गादी फाटली. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती, आणि धावण्याची चाचणी सहा महिन्यांवर. डॉक्टर म्हणाले होते, दोन बारीक छिद्रांतून गादी शिवली की पाच महिन्यांत धावशील. म्हणजे हाताशी जेमतेम एक महिना.

त्या महिन्याची वाट कशी लागली ते ऐका. नर्सने गुडघ्यावरचं फडकं काढलं, तर खाली टरारलेला फोड! ऑपरेशन सोपं जावं म्हणून आदल्या दिवशी आईने, सुगंधाबाईंनी, दुखऱ्या गुडघ्याला बिब्याचा चटका दिला होता. आणि या शहाण्या मुलीने तो देऊ दिला होता. फोडातले जंतू सांध्यात गेले तर पाय जन्माचा अधू होईल, असं म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकललं.

“बिबा?” आता प्रफुलचाही पारा चढला. “दीडशे किलोमीटर गाडी हाकलत आलो मी, अन् तुम्ही बिबा लावून बसल्या?”

“माह्या मायले काई बोलाचं नाई!” दिव्यानी ओरडली आणि तिथेच रडायला लागली. राग सगळा स्वतःवर होता, पण स्वतःवर ओरडायचं तरी कसं?

प्रफुल गोंधळला. खिसे चाचपून त्याने बिस्किटांचा पुडा काढला. “आता खाऊ शकता न... उपाशी आहा म्हणत होत्या.”

तिने पुडा हिसकावून घेतला. आभार मानायचे राहूनच गेले.

जाताना त्याने तिचा नंबर घेतला, आणि मग रोज एक फोटो. फोड सुकतोय का ते बघायला त्याने मागितला, तिने पाठवला. लोक प्रेमात फुलांचे फोटो पाठवतात, इथे फोडाचे चालले होते.

“आज बरा दिसून राह्यला,” त्याने फोनवर सांगितलं.

“अन् मी?”

“तुमचा फोटो कुठी पाठवला तुम्ही...?”

“लाज नाई वाटत?” म्हणून तिने फोन आपटला. मग चांगली ओढणी घेतली आणि लंगडत तळ्यावर फोटो काढायला गेली.

ठरल्या दिवशी प्रफुल सकाळी सातलाच हजर! चेहरा मात्र उतरलेला, आणि खिशातला फोन थांबेना. त्याने तो बाहेर काढताच दिव्यानीने हातातून ओढून कानाला लावला. पलीकडून त्याचे साहेब गरजत होते, “सेट तिकडे नेऊ नको म्हटलं होतं ना? इथे ठेकेदारसाहेब ऑपरेशनसाठी थांबलेत. त्या खेड्यातल्या मुलीला पुढची तारीख दे!”

पुढची तारीख? तिच्या हाताशी आता फक्त आठवडा उरला होता.

“खेड्यातली पोरगीच बोलून राह्यली,” दिव्यानी कडाडली. “तुमच्या ठेकेदाराले धावाची परीक्षा आहे का? नाई न? मंग बसू द्या त्याले!” आणि फोन कट.

कंबरेखाली बधिर करून डॉक्टरांनी काम सुरू केलं. समोरच्या पडद्यावर तिला आपलाच गुडघा आतून दिसला, पांढराशुभ्र, ओला. पेट्यांजवळ उभा राहून प्रफुल एकेक हत्यार नर्सच्या हाती देत होता. मास्कवरून फक्त डोळे दिसत होते. मध्येच त्याने तिच्याकडे पाहून ते हळूच मिटले, ‘सगळं नीट चाललंय’ अशा अर्थाने... आणि बधिर नसलेलं जे काही होतं, ते सगळं धडधडायला लागलं.

दुपारी डॉक्टर सांगून गेले, गादी नीट शिवली, आता मेहनत तुझी. ते गेल्यावर प्रफुल दारात येऊन उभा राहिला.

“पेट्या जमा कराले सांगतल्या साहेबानं. उद्यापासून येऊ नको म्हणे.”

दिव्यानी भडकली, अगदी खरोखरची. “मले न विचारता? माह्या गुडघ्यापायी नोकरी घालवली तुम्ही, अन् मी नापास झाली त? तुमचंही ओझं घेऊन धावू का मी?”

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. प्रफुललाही आता राहवेना.

“नापास झाल्या त नापास! मी काई वनरक्षकाच्या प्रेमात नाई पडलो!”

खाटेपाशी बसलेल्या सुगंधाबाईंनी पाण्याची भरलेली बाटली उचलली आणि ती भरून आणायला निघून गेल्या.

दिव्यानीचे कान तापले.

“मंग दारात उभा काऊन आहेस?” ती तशीच चढ्या आवाजात म्हणाली. “बस न इथी.”